उन्हाचा हिशेब : हवेवर थंड होणारी जुनी पोर्शे

मागच्या दिवाळीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मूळचा लातूरचा पोरगा. वाळूजला दोन वर्षं काढून स्टुटगार्टला गेला आणि तिथलाच झाला. कॉलवर ताईही होती. "मामा, जुनी पोर्शे घ्यायची म्हणतोय," तो म्हणाला. "हवेवर थंड होणारी." ताईला त्यातलं 'जुनी' एवढंच ऐकू आलं असावं. "अरे, तेवढ्या पैशात औसा रोडला प्लॉट बघ की!"

ताईची समजूत काढणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण त्यानंतर सहा महिने भाचा रोज एक प्रश्न पाठवत राहिला. कोणत्या सालची घेऊ, काय तपासू, काय मोडतं, किती खर्च येतो. उत्तरं देता देता माझ्या ध्यानात आलं, की यातले निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून एकाच जागी येतात : इंजिनात तयार झालेली उष्णता जाते कुठून? ही वाट कळली की गाडी कळली. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेल्या माणसाला हा विषय नवा नाही.

आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे पोर्शे कधी नव्हती. होती ती १९६७ची फोक्सवॅगन बीटल, अकरा वर्षं, इथं संभाजीनगरात. पण घराणं एकच.

रिक्षाची श्रीमंत मावशी

जुनी पेट्रोल रिक्षा आठवा. बजाजच्या रिक्षा आपल्या वाळूजलाच बनतात, त्यामुळे हे उदाहरण घरचं. इंजिन मागच्या सीटखाली. रेडिएटर नाही, पाणी नाही. पंखा फिरतो आणि पत्र्याच्या खोळीतून हवा इंजिनावर ढकलतो. इंजिनाच्या अंगावर पातळ पाती असतात, त्यांच्या फटींतून हवा उष्णता घेऊन निघून जाते. जुन्या पोर्शेचं सगळं रहस्य तत्त्वापुरतं एवढंच. तिचं नावाजलेलं मॉडेल ९११, त्यात सिलिंडर सहा, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे, आणि पंखा परातीएवढा. बाकी नातं पक्कं.

पाती लागतातच का? कारण हवा उष्णता वाहून नेण्यात फार कमजोर. एक बादली पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला साधारण साडेतीन हजार बादल्या हवा लागते. म्हणून हवेला जास्तीत जास्त पृष्ठभाग द्यायचा आणि ती जोरात फुंकायची. त्या गाड्यांचा तो करकरीत, कोरडा आवाज यातूनच येतो. पाण्याच्या इंजिनात सिलिंडरभोवती पाण्याची गोधडी असते, ती आवाज दाबते. इथं गोधडीच नाही.

आता एक गंमत. "आपल्या ४३ अंशांत असली गाडी टिकेल का?" हा प्रश्न मला बीटलच्या काळात चहाच्या प्रत्येक टपरीवर विचारला गेला. गणित उलटं आहे. उष्णता जाते ती दोन तापमानांमधल्या फरकामुळे. हवेच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, समजा २०० अंश तापलं आहे. बाहेर २० अंश असतील तर फरक १८०, आणि परभणीचा मे असेल, ४३ अंश, तर १५७. म्हणजे आठवा हिस्सा गेला. पाण्याच्या गाडीचा रेडिएटर ९० अंशांवर असतो. तिथं फरक ७० वरून ४७ वर येतो. म्हणजे तिसरा हिस्सा गेला! उन्हाचा फटका पाण्याच्या गाडीला जास्त बसतो. शिवाय हवेला उकळी फुटत नाही, ती गळत नाही आणि तिचा पाईपही फाटत नाही.

मग घात कुठं होतो? क्रांती चौकाच्या सिग्नलला. पंखा इंजिनालाच पट्ट्यानं जोडलेला असतो. इंजिन मंद चाललं की पंखाही मंद. जालना रोडवर संध्याकाळी पाऊण तास रांगायचं असेल तर हवेच्या गाडीचे हाल होतात, आणि तीच गाडी हायवेला शंभरच्या वेगात मजेत असते. ऊन तिला सोसतं, ट्रॅफिक सोसत नाही.

आणि तो पट्टा. एकच पट्टा पंखाही फिरवतो आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामोही. पोर्शे ९११ मध्ये तर अल्टरनेटर पंख्याच्या पोटातच बसवलेला आहे. म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दुसऱ्या गाडीत तुम्ही "घरी गेल्यावर बघू" म्हणू शकता, इथं नाही. इथं तो दिवा सांगत असतो, की पट्टा तुटला असावा आणि इंजिनाचा श्वास बंद आहे. मी हे गेवराईजवळ शिकलो. दिवा लागला, मी म्हटलं चार्जिंगची भानगड असेल, आणि पुढच्या धाब्यापर्यंत चार-पाच किलोमीटर तशीच हाणली. एक पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्येच जाम झाला. टेम्पोत घालून गाडी आणली, तेव्हा आमचे मेस्त्री चाचा इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "पट्टा टूटा तो गाडी नै रुकती भाई. तुम रुकना था." डिकीत नवा पट्टा होता. पाना होता. पंधरा मिनिटांचं काम होतं.

इंजिन धुणारं तेल

'हवेवर थंड होणारी' हे नाव अर्धंच खरं आहे. उष्णतेचा मोठा वाटा इंजिन ऑईल उचलतं. ९११ मध्ये ऑईल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ते मागच्या मडगार्डजवळच्या वेगळ्या टाकीत असतं, पंप ते तिथून खेचतो, इंजिनातून फिरवतो आणि परत टाकीत धाडतो. जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये तेच ऑईल पाईपांतून पार पुढं, उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डमागे बसवलेल्या कूलरपर्यंत जाऊन येतं. म्हणून आपल्या साध्या गाडीला तीन-साडेतीन लिटर ऑईल पुरतं, तिथं इथं एका बदलाला दहा लिटरच्या आसपास लागतं. घट्ट ऑईल, २०डब्ल्यू-५० जातीचं, आणि त्यात झिंकचं प्रमाण चांगलं हवं, कारण जुन्या घडणीचे कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) एकमेकांवर घासून चालतात.

थोडं ऑईल ती खातेच. थोडं गळतेही. याला घाबरू नये. हजार किलोमीटरला थोडं टॉपअप हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे. मागून निळा धूर सतत येत असेल, तर मात्र तो आजार.

बीटलमध्ये उष्णतेची एक मजेशीर गोष्ट होती. जुन्या बीटलचा ऑईल कूलर पंख्याच्या खोळीतच तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असायचा. त्यामुळे त्या एकाच सिलिंडरला तापलेली, अडलेली हवा मिळायची, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचा तो बहुतेक वेळा त्याचाच. १९७१च्या सुमाराला फोक्सवॅगननं कूलर मागं सरकवून त्याला हवेची वेगळी वाट दिली. इंजिनिअरिंगमधल्या कितीतरी सुधारणा अशाच असतात. नवीन काही शोधायचं नसतं, आडवा उभा असलेला बाजूला करायचा असतो.

घराण्याचा इतिहास, पळता पळता

बीटल घडवली फर्डिनंड पोर्शे यांनी. त्यांचा मुलगा फेरी यानं बीटलचेच सुटे भाग घेऊन १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी ३५६ नावाची छोटी स्पोर्ट्स कार उभी केली. तिची जागा घेणारी गाडी १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली, नाव ९०१. मधल्या शून्याचे तीन आकडी नंबर आमचे, असं फ्रान्सच्या पेजोनं म्हटलं आणि ९०१ ची ९११ झाली. बाह्यरूप फेरींच्या मुलाचं, फर्डिनंड अलेक्झांडर यांचं. इंजिन २ लिटर, १३० अश्वशक्ती. पुढची पस्तीस वर्षं तेच इंजिन वाढत वाढत नेहमीच्या मॉडेलांत ३.६ लिटरपर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये हवेचा काळ संपला. धूर आणि आवाजाचे नियम कडक झाले होते, आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले की त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेपर्यंत हवा पोचवणं अवघड होतं. पुढची ९११ पाण्यावर आली.

कोणती घ्यावी

इथं भाच्याशी माझी सगळ्यात लांब चर्चा झाली, तेव्हा इथं जरा थांबतो.

१९७३ पर्यंतच्या गाड्या सगळ्यात देखण्या, हलक्या आणि महाग. त्यांचे दोन शत्रू. एक गंज, त्याबद्दल पुढं. दुसरा, नकली गाड्या. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ कारखान्यानं १,५८० च बनवली. साध्या ९११ ला तिच्यासारखं सजवून विकणारे तेव्हापासून आजतागायत आहेत. पहिल्यांदाच घेणाऱ्यानं या बाजारात उतरू नये. पैठणी ओळखता येत नाही त्यानं येवल्याला एकट्यानं जाऊ नये, तसंच.

१९७४ ते १९७७ ची २.७ लिटरची साधी ९११ स्वस्त दिसते, आणि ती का स्वस्त दिसते हे समजलं की उष्णतेचा सगळा धडा समजतो. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुटा असतो, त्यावर त्याचं सुटं हेड, आणि दोन्हींना चार लांब स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, क्रँककेसला (इंजिनाच्या मधल्या सांगाड्याला) आवळून धरतात. सहा सिलिंडर, चोवीस स्टड. त्या काळचं क्रँककेस मॅग्नेशियमचं होतं, वजन वाचवण्यासाठी. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड फुगतात, पोलादी स्टड तेवढे फुगत नाहीत. मग ते ओढले जातात, आणि मॅग्नेशियम मऊ, म्हणून त्याच्यातले आटे सुटून येतात. २ लिटरपासून सुरू झालेलं इंजिन २.७ लिटरपर्यंत फुगवलं होतं, उष्णता वाढली होती. त्यात अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टवर जळती भट्टीच बसवलेली होती. ती खालून हेड भाजायची. ज्यानं या इंजिनाचे आटे नवीन बुशिंग घालून पक्के केले आहेत आणि ज्याच्याकडे त्याची बिलं आहेत, त्याची २.७ बिनधास्त घ्यावी. बिलं नसतील तर तेवढे पैसे बाजूला ठेवूनच बोलणी करावी.

१९७८ ला आली ९११ एससी. ३ लिटर, आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचं. आटे सुटणं थांबलं. पण स्टडच्या प्रश्नाला पोर्शेनं दुसरंही उत्तर काढलं होतं. ॲल्युमिनियमइतकाच फुगणारा एक खास मिश्रधातू, डिलाव्हार, त्यांनी खालच्या ओळीच्या स्टडना वापरला. कागदावर हुशार. प्रत्यक्षात त्या स्टडना गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस ते तुटतात, पुष्कळदा गाडी नुसती उभी असताना. म्हणून एससी बघायला गेलात तर खालची व्हॉल्व्हची झाकणं काढून बघू द्या, असं सांगायचं. तुटलेला स्टड असेल तर नट सैल पडलेला किंवा झाकणातच आलेला सापडतो. मालक "कशाला काढायची, मस्त चालतीय गाडी" म्हणाला, की चहा घेऊन उठायचं.

एससीच्या आणखी दोन खोडी. थंडीत स्टार्ट करताना इंजिन उलटं फटकलं, तर हवेचा प्लास्टिक डबा फुटतो. त्यावर एक छोटा झडपेचा उपाय आहे, स्वस्त आहे, बसवलेला असतोच बहुधा. दुसरी खोडी टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची. ते निकामी झाले की चेन उडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. १९८४ पासूनच्या कॅरेरा ३.२ मध्ये ऑईलच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले, आणि समजूतदार मालकांनी तेच जुन्या गाड्यांनाही बसवून घेतले.

ती कॅरेरा ३.२, १९८४ ते १९८९, हीच मी भाच्याला सुचवली. युरोपात २३१ अश्वशक्ती. बॉशचं कॉम्प्युटरवर चालणारं इंधन-इग्निशन आहे, त्यामुळे कार्बोरेटरशी झटापट नाही. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, म्हणजे जुन्या गाडीची चवही शाबूत. १९८७ पासून गिअरबॉक्सही बदलला. आधीचा गिअरबॉक्स मठ्ठ बैलासारखा, त्याच्या कलानं घ्यावं लागतं. नवा मुकाट्यानं ऐकतो. तिच्या व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्ह सरकतो त्या नळ्या) लवकर झिजतात, आणि एक चिल्लर किमतीचा रिले कधीही दगा देतो. रिलेचा उपाय सोपा : दुसरा एक हातमोज्यांच्या खणात ठेवायचा.

त्यानंतरच्या दोन पिढ्या थोडक्यात. १९८९ ची ९६४ आतून बरीच नवी, पॉवर स्टीअरिंग आणि एबीएस आलेली. तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटच नव्हतं, तिथून ऑईल पाझरतं. १९९३ च्या अखेरीस आलेली ९९३ शेवटची, चालवायला सगळ्यात निवांत, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायची कटकट नाही, आणि शेवटची म्हणूनच किंमत डोक्यावर.

आणि खिसा हलका असेल तर? चार सिलिंडरची ९१२, किंवा मधोमध इंजिन असलेली ९१४. किंवा सरळ बीटल. मी बीटलला कमी लेखत नाही. हवेच्या इंजिनाची बाराखडी तिथंच गिरवावी, चूक झाली तर फी परवडते.

पत्रा आधी, इंजिन नंतर

भाचा इंजिनाच्या आवाजावर भाळणारा. त्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : इंजिन बांधता येतं, सडलेल्या पत्र्याला अंत नसतो. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेनं सगळ्या बॉडीला दोन्ही बाजूंनी जस्ताचा थर दिला, त्याआधीच्या गाड्या मिठात विरघळल्या. बघायच्या जागा : पुढच्या बॅटरीखालचा पत्रा आणि पेट्रोल टाकीभोवतीचा भाग, दाराखालच्या पेट्या, दाराचं कुलूप अडकतं तो खांब, पुढच्या काचेची चौकट, हेडलाईटच्या भोवती. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. आपल्याकडचा डेंटिंगवाला जशी लांबी भरून खड्डा लपवतो, तशी जर्मनही लपवतात. तिथं चुंबक चिकटत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. या गाड्यांच्या मीटरमधली प्लास्टिकची दातेरी चाकं तुटतात आणि आकडा वर्षानुवर्षं गोठून राहतो. विक्रेता खोटं बोलत असेल असंही नाही, त्यालाच माहीत नसतं. त्यापेक्षा बिलांची फाईल वाचा. दर वर्षी थोडे पैसे लागलेली गाडी चांगली. दहा वर्षं खर्चच नाही, ही जाहिरात नाही, इशारा आहे.

मग तज्ज्ञाकडून तपासणी. कॉम्प्रेशन मोजणं हे झालं रुग्णाला "दम लागतो का" विचारणं. लीक-डाऊन चाचणी म्हणजे एक्स-रे. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते बघतात. कुठून निसटते तेही ऐकू येतं : सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईलच्या टाकीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. सहाही सिलिंडर एकसारखे असणं महत्त्वाचं. पाच ठणठणीत आणि एक वीस टक्क्यांवर, तर इंजिन उघडावं लागणार. ९११ चं इंजिन नीट बांधायचं म्हणजे युरोपात पंधरा-वीस हजार युरो सहज जातात. तपासणीचे काहीशे युरो वाचवून हे अंगावर घेणारे मी बघितलेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि चॅसिसचे नंबर कागदांशी जुळवून घ्या, हे वेगळं सांगायला नको.

तिथं एक सोय मात्र हेवा वाटावा अशी आहे. तीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं. मग रोड टॅक्स वर्षाला सरसकट १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. हिवाळ्यात गाडी झाकूनच ठेवायची असेल, तर वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच नंबरप्लेट घेता येते.

शेपूट जड असलेला प्राणी

इंजिन मागच्या चाकांच्याही मागं टांगलेलं आहे. त्यामुळे गाडी निघताना पकड जबरदस्त, आणि वळणात बेसावध राहिलात तर शिक्षाही तशीच. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गोफणीतल्या दगडासारखं इंजिन बाहेर फेकलं जातं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पोर्शेनं पुढच्या बंपरमध्ये चक्क बिडाची वजनं ठेवली होती. मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली आणि पुढं एकाऐवजी दोन बॅटऱ्या, दोन कोपऱ्यांत एकेक, अशी तजवीज केली. वळणाआधी वेग उतरवा, वळणात पाय स्थिर ठेवा. दौलताबादच्या घाटात एसटीचे जुने ड्रायव्हर हेच करतात.

"मामा, गावाकडं आणता येईल का?"

हा प्रश्न येणारच होता. उत्तर, बहुतेक नाही. सेकंडहँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती भारतात सर्वसाधारणपणे आयातच करता येत नाही, आणि जी करता येते तिच्यावर किमतीइतकी किंवा जास्त ड्युटी बसते. स्टीअरिंग डावीकडे, हाही अडसर. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची वाट निराळी आहे, पण ती जाणकार कस्टम एजंटला धरूनच चालावी.

इथं आधीपासून असलेली जुनी गाडी घेणार असाल, तर २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र ती रोज बाजारात न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यांच्यासाठीच. साध्या नोंदणीवर ठेवलीत तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ८०,००० रुपये झाली आहे. याच शहरात २०१० मध्ये दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा घेतल्या गेल्या होत्या, तेव्हा पैशाचं कुणाला अप्रूप नसेल. पण जुन्या गाडीला पैशाइतकाच आरटीओच्या बाकावर बसायचा वेळ लागतो.

सांभाळायची म्हणाल तर आपल्या हवेत तीन गोष्टी जपाव्यात. पहिली, धूळ. पंखा काळ्या मातीची धूळ आत ओढतो, ती गळलेल्या ऑईलवर बसते आणि पात्यांच्या फटींत खापरासारखी घट्ट होते. इंजिन बाहेरून चकचकीत दिसतं आणि आतून कोंदटलेलं असतं. दोन-तीन वर्षांतून एकदा खोळ उतरवून पाती साफ करावीत. गाडी महिनाभर उभी असेल तर खोळीत उंदीर घर करतात. माझ्या बीटलमधून एकदा कापसाची अख्खी उशी निघाली होती. सरकीसकट.

दुसरी, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ते इथेनॉल कदाचित आपल्याच कारखान्यांच्या उसाचं असेल, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला त्याच्याशी काही नातं नाही. जुन्या नळ्या फुगतात, चिरतात, आणि पेट्रोल ठिबकतं ते तापलेल्या इंजिनावर. हवेच्या गाड्या जळतात त्या पुष्कळदा अशा. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बदलून घ्या, एकही जुनी ठेवू नका. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी झाकू नये. टाकी आतून गंजते.

तिसरी, टॅपेट. बीटलचे दर पाच हजार किलोमीटरला, ९११ चे त्याहून लांबच्या अंतरानं, पण दोन्हींचे इंजिन पूर्ण थंड असतानाच. बीटलला फट ०.१५ मिलिमीटर, ९११ ला ०.१. पुस्तकात 'थंड' लिहिणारा माणूस जर्मन होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रभर उभ्या गाडीचं इंजिनही सकाळी नऊला हाताला कोमट लागतं. चाचा आणि मी पहाटे पाचला, टॉर्च लावून, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन बसायचो. अजान व्हायच्या आत चारही सिलिंडर उरकायचे.

एसीचं मात्र विसरा. ८० च्या दशकातल्या ९११ मध्ये एसीचा एक कंडेन्सर (उष्णता बाहेर सोडणारी जाळी) मागच्या झाकणालाच लावलेला आहे, पंखा हवा ओढतो त्या वाटेवर. म्हणजे एसी लावला की इंजिनाला आधीच तापलेली हवा मिळते. तुम्ही थंड व्हायचं की इंजिनानं, एवढाच सवाल उरतो.

भाच्यानं शेवटी १९८६ ची ३.२ घेतली. सहा सिलिंडर, लीक-डाऊनला सगळे सहा ते नऊ टक्क्यांच्या आत, बिलांची फाईल वीतभर जाड. चार दिवसांनी शनिवारी रात्री फोन. "मामा, डिपस्टिकवर ऑईलच नाही!"

"इंजिन चालू आहे का?"

"नाही. सकाळपासून बंद आहे."

ऑईल वेगळ्या टाकीत असतं म्हणून वर सांगितलं, त्याचाच हा भाग. इंजिन बंद करून ठेवलं की टाकीतलं थोडं ऑईल हळूहळू इंजिनात उतरतं आणि टाकी रिकामी वाटते. ९११ चं ऑईल बघायचं ते गाडी चांगली वीस मिनिटं चालवून, सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून. थंड इंजिनात खुणेपर्यंत भरलं तर ते जास्त होतं आणि गरम झाल्यावर श्वासनळीतून हवेच्या डब्यात शिरतं.

"किती ओतलंस?" मी विचारलं.

बराच वेळ आवाज नाही. मग, "दीड लिटर."

जास्तीचं ऑईल काढायला दुसरा दिवस रविवार, आणि रविवारी जर्मनीत अंगणात गाडीखाली शिरून ठोकठोक केलेली शेजाऱ्यांना चालत नाही. गाडी सोमवारपर्यंत झाकून उभी. ताईला अजून सांगितलेलं नाही.